कागदाबाहेरचं दुखणं

ता. ३, सोमवार

परवा डॉक्टरीच्या मुलांची परीक्षा. आज सिस्टरांनी उजळणी घेतली. माझं हे अकरावं वर्ष आणि कागद तोच, सात नंबर. कॉलेजात मला नावानं कुणी ओळखत नाही. शिपायापासून सगळे ‘सात नंबर काका’ म्हणतात आणि, खोटं कशाला लिहू, मला ते आवडतं.

ही वही कधी कुणाच्या हाती पडलीच तर त्याला कळावं म्हणून लिहून ठेवतो. परीक्षेला खरे रोगी आणत नाहीत. एका दिवसात बारा जणांनी पोट दाबलं तर खरा रोगी पळून जाईल. म्हणून आमच्यासारखी धडधाकट माणसं रोगी करून ठेवतात. प्रत्येकाला एक कागद मिळतो. काय दुखतं, कधीपासून, कशानं वाढतं, कुठे दाबलं तर तोंड वाकडं करायचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. विद्यार्थी आठ मिनिटांत विचारतो, तपासतो आणि कोपऱ्यात बसलेल्या परीक्षकांना रोग सांगतो. घंटा झाली की तो पुढच्या खोलीत आणि आमच्याकडे दुसरा. कागदाबाहेर जायचं नाही, एवढा एकच नियम.

सात नंबर म्हणजे जठरातला व्रण. मी नुसतं ‘पोट दुखतं’ म्हणायचं. कुठलं पोट, हे विद्यार्थ्यानं काढून घ्यायचं. आम्हाला तयार करणाऱ्या सिस्टर नव्या लोकांना आजही तेच सांगत होत्या. “जठर हा एक भाडेकरू आहे हो. पोट म्हणजे अख्खी इमारत. माणूस इमारतीचं नाव सांगतो, खोली आपण शोधायची.” अकरा वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या उघड्या पोटावर पेनानं नऊ चौकटी आखल्या होत्या. वरच्या ओळीतली मधली माझी. तिथे तळहात ठेवायचा, उपाशी राहिलं की जळजळतं म्हणायचं, दूध प्यायल्यावर बरं वाटतं म्हणायचं आणि तिथे दाबलं की भुवया आक्रसायच्या. बाकीच्या आठ चौकटींत कुणी कितीही दाबलं तरी चेहरा कोरा ठेवायचा.

ही म्हणते, तुम्ही नोकरी पोटदुखीवर काढलीत, आता म्हातारपणही पोटदुखीवरच काढा. वीजबिलाच्या खिडकीमागे मी एकतीस वर्षं बसलो आणि त्यातल्या निम्म्या रजा पोटाच्या नावावर घेतल्या, हे तिला पाठ आहे. पण आज सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, “शिकायचं असेल तर यांच्याकडे बघा. अकरा वर्षांत कागद सोडला नाही.” घरी येईपर्यंत मी हवेत होतो.

ता. ४, मंगळवार

दुपारपासून बेंबीभोवती डचमळल्यासारखं होतंय. धड दुखणं नाही, धड बरं नाही. जेवण अर्धं टाकून उठलो. हिनं विचारलं तेव्हा म्हटलं, रंगीत तालीम चालू आहे. कसलेल्या माणसाच्या अंगात भूमिका अशी आदल्या दिवशीच भिनते.

ता. ५, बुधवार

उठलो तेव्हा दुखणं बेंबी सोडून उजवीकडे खाली, कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला येऊन बसलं होतं. सिस्टरांच्या आखणीत खालच्या ओळीतली कोपऱ्यातली चौकट. ती माझी चौकट नव्हे, म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बस खड्ड्यातून गेली की मात्र जीव जात होता. दोन्ही हातांनी सीट धरून बसलो.

पहिले आठ जण ठीक गेले. ते बोलताना एकतर माझ्या पोटाकडे बघत होते, नाहीतर परीक्षकांच्या पेनाकडे. दोघांनी खाली उजवीकडे दाबलंसुद्धा, पण दाबल्यासारखं केलं आणि पुढे गेले. मी दात आवळून चेहरा कोरा ठेवला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

नववी आली ती ठेंगणी, जाड चष्म्याची मुलगी. तिनं हात एकमेकांवर घासून गरम केले आणि मग माझ्या पोटावर ठेवले. दाबताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती. वरच्या चौकटीत मी कागदाप्रमाणे भुवया आक्रसल्या. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. मग तिचा हात खाली उजवीकडे आला आणि माझा श्वास अडकला.

“इथे दुखतंय, काका?”

“नाही,” मी म्हणालो. कागदात नाहीच आहे.

तिनं हळूहळू खोल दाबलं आणि एकदम हात उचलला. माझ्या तोंडून आवाज निघाला. असा आवाज मी आजवर काढलेला नाही, काढायला सांगितला तरी जमणार नाही. खोकला आल्यासारखं करून तो झाकायला गेलो, तर खोकल्यानं आणखीच कळ आली.

ती वाकली आणि अगदी हळू म्हणाली, “काका, तुम्हाला खरंच दुखतंय का?”

हा प्रश्न परीक्षेत विचारायला सक्त मनाई आहे. परीक्षकांचं पेन थांबलं. मी सात नंबरच्या आवाजात म्हणालो, “खरंच म्हणजे काय डॉक्टर, दुखतंय म्हणून तर आलोय तुमच्याकडे.” हे वाक्य आयत्या वेळी सुचलं आणि सुचलं याचा मला त्या क्षणी आनंदही झाला.

ती परीक्षकांकडे वळली. “सर, यांचं दुखणं जठराचं नाही. उजवीकडे खाली आहे. अपेंडिक्स वाटतंय. सर्जनना आत्ता दाखवायला हवं.”

“हेच तुमचं उत्तर?”

“हो सर.”

घंटा झाली. ती दारात थांबली, एकदा मागे वळून बघितलं आणि पुढच्या खोलीत गेली.

तिच्यानंतर तिघे आले. तिच्याशिवायच्या अकराही जणांनी जठर सांगितलं आणि परीक्षकांनी अकराही जणांपुढे बरोबरची खूण केली.

संध्याकाळी नेहमीचा फॉर्म भरायचा होता. ‘कागदाबाहेर काही घडले काय?’ पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. मी बराच वेळ पेन धरून उभा होतो. मागे रांग होती. छातीत दुखण्याचं काम करणारे निवृत्त पोस्टमन म्हणाले, “काय हो, अकरा वर्षांनी अडखळलात?” मी ‘नाही’वर खूण करून सही केली. एक आवाज निघाला, त्याला घडलं म्हणतात का? मी तर तोंडानं नाहीच म्हणालो होतो.

ता. ६, गुरुवार

सिस्टरांचा फोन आला होता. ती मुलगी माझ्या खोलीतच नापास झाली. उत्तर चुकलं आणि वर नियम मोडला, म्हणून शून्य. एका खोलीत शून्य मिळालं की सगळीच परीक्षा गेली. हा तिचा शेवटचा प्रयत्न होता. आता पुन्हा बसता येणार नाही, कॉलेजच सुटेल. तिनं अर्ज केलाय की रोगी खरोखरच आजारी होता.

“तुम्ही कागद सोडला नव्हता ना?” सिस्टरांनी विचारलं.

मी भडकलो. म्हटलं, “अकरा वर्षांनी आता मला हे सिद्ध करावं लागणार का?”

“मला खात्री होतीच. मी समितीला तसं लिहून दिलंय. उद्या फक्त येऊन सांगा.”

फोन ठेवल्यावर कान गरम झाले होते. त्यांना लिहून द्यायला मी सांगितलं नव्हतं. पण लिहू नका, असंही म्हणालो नाही.

दुखणं आहेच. मी सात नंबरचा उपाय केला, पेलाभर दूध प्यायलो आणि आम्लपित्ताची गोळी घेतली. बरं वाटलं नाही. दूध उलटून पडलं. ते नळ सोडून धुऊन टाकलं, म्हणजे हिला कळू नये.

हिचं पाळणाघर आमच्या पुढच्याच खोलीत आहे. आज एक चार वर्षांची चिमुरडी ‘पोट दुखतं’ म्हणून भोकाड पसरून बसली. हिनं तिच्याकडे नुसतं बघितलं आणि खेळायला पाठवलं. मी विचारलं, कसं कळतं तुला? ही म्हणाली, “खोटं दुखत असलं की मूल माझ्याकडे बघतं. खरं दुखत असलं की कुठेच बघत नाही.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “अहो, जरा इकडे बघा.”

मी वर्तमानपत्र वाचत होतो. ते कालचं होतं, हे तिनंच मला सांगितलं.

ता. ७, शुक्रवार

चमत्कार झाला. पहाटेपर्यंत तळमळत होतो आणि सकाळी काहीतरी सुटल्यासारखं होऊन दुखणं एकदम गेलं. म्हणजे ते जठरही नव्हतं आणि अपेंडिक्सही नव्हतं. वायू असणार. मला इतकं हलकं वाटलं की अंघोळ करताना गुणगुणलो. मुलगी चुकली होती आणि मी खोटं बोललो नव्हतो, असं आता स्वतःला सांगता येत होतं.

समितीत तिघे होते. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला ती मुलगी. तिचे डोळे सुजलेले. अध्यक्ष म्हणाले, सात नंबर करून दाखवा. मी टेबलासमोरच्या खाटेवर झोपलो आणि करून दाखवलं. तळहात, भुवया, जळजळ, दूध. असा प्रयोग माझ्या हातून आजवर झाला नव्हता. अध्यक्षांनी कागदावर बोट ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली.

मुलगी म्हणाली, “सर, उजवीकडे खाली दाबून एकदम सोडा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. एकदाच.”

अध्यक्ष म्हणाले, “आपण इथे यांना तपासायला बसलेलो नाही. कागद तपासायला बसलोय.” मग मला विचारलं, “बुधवारी तुम्हाला काही त्रास होता?”

“नाही साहेब.”

“पूर्वीपासून काही दुखणं?”

“नाही.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं. मी काहीतरी विसरलो असेन आणि आता मला आठवेल, अशा आशेनं ती वाट बघत होती. मी उठून शर्टाची बटणं लावली. चार बटणं लावायला किती वेळ लागतो, पण मी तोवर मान वर केली नाही.

बाहेर सिस्टर म्हणाल्या, “शाब्बास.”

आता घरी आहे. पोट तंबोऱ्यासारखं ताणलंय, अंगात कसकस आहे. दुखत मात्र नाही फारसं. जरा पडतो.

ता. १२, बुधवार

आज पहिल्यांदा पेन धरता आलं. अक्षर माझं वाटत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पालक मुलांना न्यायला आले होते, तेव्हा मी पाणी प्यायला उठलो आणि खेळण्यांच्या ढिगात कोसळलो. मुलं हसली, त्यांना वाटलं आजोबा खेळतायत. ही हसली नाही. अपेंडिक्स फुटलं होतं. सकाळी जे सुटल्यासारखं वाटलं होतं ते तेच होतं. फुटलं की आतला ताण जातो आणि काही तास बरं वाटतं, असं इथले सर्जन सांगतात. मग विष सगळीकडे पसरतं. त्यांनी पोट उघडून धुतलं. जखमेत पू झालाय, म्हणून अजून दहाएक दिवस इथेच.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. खाटेवर टाकून आत नेत होते तेव्हा सर्जननी विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हणालो, “आजपासून.” मरायला टेकलो होतो आणि डोक्यात हिशेब असा, की हेच इस्पितळ कॉलेजचं आहे, केसपेपरवर मंगळवार लिहिला तर तो समितीपर्यंत जाईल. ही म्हणाली, “नाही हो डॉक्टर, मंगळवारी त्यांनी जेवण टाकलं होतं.” आणि मी तिच्यावर डोळे वटारले. तिच्यावर. सर्जन म्हणाले, पोट उघडल्यावर आम्हाला कळेलच.

माझी मलाच किळस आली आहे. दुखण्यानं नव्हे, त्या डोळे वटारण्यानं.

ता. १४, शुक्रवार

हिला सगळं सांगितलं. आवाज, फॉर्म, समिती. ती सफरचंदाची साल काढत होती, ती काढतच राहिली. मग म्हणाली, “त्या पोरीचं काय झालं?”

“कॉलेज सुटलं असेल.”

“असेल म्हणजे? तुम्ही विचारलंत नाही?”

मी विचारलं नव्हतं. आठ दिवसांत माझ्या मनात सिस्टर काय म्हणतील हे शंभरदा आलं होतं.

माझं अक्षर समितीला लागणार नाही म्हणून तिलाच अर्ज लिहायला बसवलं. मी सांगायला लागलो, “बुधवारी झालेल्या परीक्षेत माझ्याकडून अनवधानाने...”

तिनं पेन उचललं. “अनवधानाने नाही.”

“अगं, तसं लिहायची पद्धत असते.”

“असू दे. खोटं आहे. काय लिहू सांगा.”

“चुकून,” मी म्हटलं.

“चुकून पण नाही.”

मग मी सांगितलं तसं तिनं लिहिलं. मला त्या दिवशी खरोखर दुखत होतं. त्या विद्यार्थिनीनं ते बरोबर ओळखलं. मी तिला नाही म्हणालो, फॉर्मवर नाही लिहिलं आणि समितीसमोर दोनदा नाही म्हणालो. माझं नाव खराब होऊ नये म्हणून. खाली मी सही केली. ती सरळ आली नाही. ही कागद घडी करून पर्समध्ये ठेवून निघून गेली, जाताना पांघरूण तेवढं नीट केलं.

ता. १८, मंगळवार

सिस्टर आल्या होत्या. खुर्ची होती तरी बसल्या नाहीत. समितीनं त्या मुलीचं शून्य रद्द केलं. येत्या सोमवारी तिला पुन्हा एक संधी, दुसऱ्या कागदावर, दुसऱ्या रोग्यावर. माझं नाव यादीतून काढलंय. मी म्हटलं, बरोबरच आहे.

“आणि ते अकरा जण?” मी विचारलं.

“ते पासच आहेत. त्यांनी कागदात होतं तेच सांगितलं.”

मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, “तुमच्या फॉर्मखाली माझीही सही असते, माहीत आहे ना? मी न विचारता केली. तुमच्या बाबतीत मी कधी विचारत नव्हते.” मला वाटलं त्या रागावतील. त्या रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो. माझ्याजवळ बोलायला तयार केलेली वाक्यं होती. त्या नुसत्याच गेल्या.

ता. २०, गुरुवार

दुपारी ती मुलगी आली. मी तिला ओळखलं आणि भिंतीकडे तोंड फिरवावंसं वाटलं, पण टाके अजून कूस बदलू देत नाहीत. ती पायाशी उभी राहिली.

मी आठवडाभर माफीचं बोलणं मनाशी घोळवलं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, तेही ठरलं होतं. सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला माझ्या लक्षात आलं की मी सात नंबरसारखा बोलतोय. तळहातसुद्धा छातीवर ठेवला होता. मी हात खाली घेतला.

“मी घाबरलो होतो,” एवढंच म्हणालो. “तुझं वाटोळं होतंय हे दिसत होतं आणि तरी नाही म्हणालो. त्या खोलीत तू वाट बघत होतीस. मी बटणं लावत बसलो.”

ती खुर्चीवर बसली. चष्मा काढून ओढणीला पुसला, पुन्हा घातला.

“काका, मला तुमच्यापेक्षा वाईट वाटतंय,” ती म्हणाली.

“तुला कशाला?”

“मला बुधवारीच कळलं होतं की तुम्ही खरे आजारी आहात. वाटलं नव्हतं, कळलं होतं. घंटा झाली आणि मी पुढच्या खोलीत गेले. बाहेर व्हरांड्यात दोन डॉक्टर उभे होते. एकाला हाक मारली असती तरी पुरलं असतं. पण पुढच्या खोलीची आठ मिनिटं गेली असती. दुसऱ्या दिवशी मी अर्ज केला. तो मार्कांसाठी केला. त्यात एकदाही लिहिलं नाही की या माणसाला आधी दवाखान्यात न्या. शुक्रवारी पण मी म्हणाले, त्यांचं पोट दाबा, म्हणजे माझं खरं ठरेल.”

मी म्हटलं, “मीच नाही म्हणालो होतो ना. मग तू काय करणार होतीस?”

“तुम्ही नाही म्हणालात. तुमचं पोट नाही म्हणत नव्हतं.”

मी पुन्हा म्हटलं की ही सगळी चूक माझी आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. तिच्या वाट्याचीही लाज मला घेता आली असती तर बरं झालं असतं. तिनं ती दिली नाही. तिनं तापाचा तक्ता वाचला, जखमेची नळी बघितली आणि सोमवारची तयारी आहे म्हणून उठली. समितीला सांगशील का, असं मी विचारलं नाही. ती सांगणार नाही हे दिसत होतं. सोमवारी पास व्हायचंय तिला, आणि मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

ती गेल्यावर शेजारच्या खाटेवरचा सुतार म्हणाला, “मुलगी का तुमची? डॉक्टर आहे वाटतं.” हाताला प्लास्टर असलेला हा माणूस चार दिवस मला स्वतःच्या हातानं पाणी पाजतोय. ही घरी मुलांना सांभाळते, म्हणून माझी उष्टी भांडीही तोच उचलतो.

‘ओळखीची आहे’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी त्याला परीक्षेच्या आदल्या मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं. फॉर्म, समिती, बायकोवर वटारलेले डोळे, सगळं. मुलीनं आत्ता जे सांगितलं ते सांगितलं नाही, ते तिचं आहे.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाला, “पोरीचं कॉलेज गेलं असतं की हो.” आणि कूस बदलून झोपला. मला तहान लागली होती. मी हाक मारली नाही.